नळावरची काळी

जिव्याच्या हातात तांब्याचा पाइप आला की त्याच्यासारखा शांत माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात सापडायचा नाही. पाइपाच्या पोटात स्प्रिंग घालायची, पाइप गुडघ्याला टेकवायचा आणि जराजरा करत वळवायचा. घाई नाही, शिवी नाही. पाइप चिमटला तर पाणी अडतं, म्हणून चिमटू द्यायचा नाही. जिथे वळवून भागत नाही, बाथरूमचा अगदी काटकोनातला कोपरा असतो, तिथे एल्बो, म्हणजे वाकडा जोड, घालून झाळ लावायची. पाइपाचं टोक पॉलिश पेपरने घासून लख्ख करायचं, पेस्ट लावायची, एल्बोत बसवायचं, गॅसच्या बत्तीने तापवायचं आणि झाळेची तार नुसती टेकवायची. झाळ वितळून आपणच आत ओढली जाते. बंगलेवाले बघत राहायचे आणि म्हणायचे, काय हात आहे या माणसाचा!

हात कसा आहे ते त्यांनी काळीला विचारायला हवं होतं. काळी त्याची बायको आणि कामावरची जोडीदारीण. तोच हात तिच्या पाठीवर, मानेवर, तोंडावर पडायचा, आणि तेव्हा त्याला फार घाई असायची. पाइप चिमटू नये म्हणून श्वास रोखून धरणारा हा माणूस बायकोच्या बरगडीत लाथ घालताना पुढचामागचा विचार करत नसे. चीड येते ती याचीच. ज्याला हात आवरता येतच नाही त्याचं एक वेळ समजू शकतं. याला आवरता येत होता, रोज आवरत होता, फक्त तांब्यासाठी.

जिव्या गंजाडच्या एका पाड्यावरचा. मिसरूड फुटायच्या आधीच तो तलासरीच्या नाक्यावरून कारखान्याच्या गाडीत बसून वापीला जायला लागला. तिथे दुकानात ठेवायच्या थंड पेट्या बनायच्या आणि पेट्यांच्या पाठीत तांब्याच्या नळ्यांची वळणं. शिकवणारा मुकादम गुजरातीत शिव्या द्यायचा आणि तापलेल्या पाइपाने शिकवायचा. झाळ ओघळली की दंडावर चटका. ते डाग जिव्याच्या दंडावर शेवटपर्यंत राहिले. एक दिवस त्याने पाना उचलला, मुकादमाचा जबडा फोडला आणि नोकरीला रामराम ठोकला. पाड्यावर या पराक्रमाचं कौतुक झालं. मारणाऱ्याचं कौतुक करायला माणसं नेहमी मोकळी असतात. मार खाणाऱ्याच्या वेळी सगळ्यांना कामं आठवतात. पण मुकादमाचा मार जिव्याने वापीला टाकून दिला नव्हता. तो त्याने जपून घरी आणला.

डहाणूच्या किनाऱ्याला तोवर चिकूच्या वाड्यांमधून बंगले उठायला लागले होते. छपरावर उन्हाने पाणी तापवायची टाकी, आणि गरम पाण्याला प्लास्टिक नको, तांबंच हवं, असा काही मालकांचा हट्ट. तांब्याचं काम करणारे प्लंबर या भागात विरळा. जिव्याला माणसं शोधत यायची, गाडी पाठवून न्यायची, आणि तो काय वाटेल ते वागला तरी खपवून घ्यायची. सरावलीला एका घरात फरशीवाल्या मिथुन मिस्त्रीची छिन्नी चुकून त्याच्या पाइपाला लागली. जिव्याने मिथुनचं मुंडकं धरून पांढऱ्या बेसिनवर आपटलं. एकदा नाही, बेसिनचा टवका उडेपर्यंत. सोडवायला काळी मधे पडली, तर तिच्या तोंडावर कोपर बसलं आणि पुढचा दात फरशीवर पडला. मालकाने मिथुनला दवाखान्यात धाडलं, बेसिन बदललं आणि जिव्याला म्हटलं, काम पुरं कर बाबा. काळीच्या दाताचं कुणी काही बोललं नाही. तिने पदराने तोंड दाबलं आणि रक्ताळलेली फरशी पुसून काढली.

काळी तलासरीकडची. तिचं आणि जिव्याचं लग्न लागलं तेव्हा त्यांची मुलगी प्रगती रांगत होती. आधी नांदायचं आणि सवड झाली की लग्न लावायचं, ही त्यांच्या जमातीतली जुनीच रीत. तशीच दुसरी रीत, कामाला जोडीने जायचं. वीटभट्टी असो की गवतकापणी, मुकादम माणसं मोजत नाही, जोड्या मोजतो. म्हणून जिव्या प्लंबर झाला तेव्हा त्याने हाताखाली कुणी परका घेतला नाही, बायकोलाच घेतलं. सिलिंडर डोक्यावर घेऊन ती त्याच्या मागून चालायची. पेपरने टोकं घासायची, पेस्ट लावायची, आणि मुख्य काम म्हणजे नळावर उभी राहायची.

हे नळावर उभं राहणं काय, ते नीट सांगायला हवं. जुना पाइप दुरुस्त करताना टाकीकडून पाणी बंद करतात, दुसऱ्या टोकाचा नळ उघडून पाइप रिकामा करतात. तरी कुठल्यातरी खोलगट वळणात पाणी उरतंच. वर बत्ती लागली की त्या पाण्याची वाफ होते. नळ उघडा असला तर वाफ फुसफुसत निघून जाते. नळ बंद असला तर ती कोंडते, आणि झाळ वितळून सांधा ढिला झाला की जे काही बाहेर उडतं ते समोरच्याच्या तोंडावर. वापीला चिमण नावाच्या कारागिराचं असं थोबाड गेलं होतं. ती गोष्ट जिव्या हसतहसत सांगायचा. पाइपाची दोन टोकं दोन खोल्यांत, एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून बत्ती पेटवण्याआधी मिस्त्रीने ओरडून विचारायचं, नळ खुला? आणि नळावरच्याने ओरडून सांगायचं, खुला! इतकी वर्षं काळी ते सांगत आली होती. मार खाऊन सुजलेल्या तोंडानेही तिने ते खरंच सांगितलं होतं. बाकी कशातही तिच्या शब्दाला किंमत नव्हती. या एका शब्दावर मात्र जिव्या आपलं तोंड बत्तीपुढे धरायचा.

बघूनबघून ती काम शिकली. सरावलीला काम चालू असताना जिव्या असाच एकदा दुपारी ताडी प्यायला गेला तो लवकर आला नाही. मालकीण घाईला आलेली. काळीने बत्ती पेटवली आणि कोपऱ्यातला एल्बो स्वतः झाळला. झाळेची कड अशी बसली की मालकीण म्हणाली, अगं, हे तर तुझ्या नवऱ्यापेक्षा साफ आहे. त्या बिचारीला काय ठाऊक, आपण काय बोलून बसलो. जिव्या आला, त्याने ऐकलं, हसला. मालकीण गेल्यावर त्याने हातोडीने तो एल्बो भिंतीतून उखडला. मग काळीचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आणि हातोडीच्या दांड्याने तिची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं. एका बोटाचा आवाज झाला, दुसऱ्याचा झाला नाही. ती किंचाळली तेव्हा त्याने तिच्याच पदराचा बोळा तिच्या तोंडात कोंबला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा, शब्दशः. ती बोटं वाकडीच बसली, आणि पुढे सिलिंडर उचलताना हात थरथरायचा.

तेव्हा काळी एकदा माहेरी निघून गेली होती. भाऊ देवजी आणि चार जाणती माणसं तिला घेऊन पाड्यावर आली. जिव्याने वाघोबाच्या दगडापुढे नारळ फोडला आणि आण घेतली, पुन्हा हात लावणार नाय. त्याची आई रखमी म्हणाली, "माझ्या पाठीवर काय कमी काठ्या मोडल्या? मी कुठं पळून गेली? पुरुष हाय, रागावतो." देवजीला भांडण नको होतं. तो काळीला बाजूला घेऊन म्हणाला, "पोर हाय पदरात, बाय. सांभाळून घे." सांभाळून घे म्हणजे काय, ते सांगणाऱ्याला कधीच सांगावं लागत नाही. भाताची लावणी उरकेपर्यंत आण टिकली. मग एकदा कालवणात मीठ जास्त पडलं, आणि वाघोबाने काही जिव्याला खाल्लं नाही.

काळीने सहन केलं ते एका गोष्टीवर. प्रगती घरात नव्हती. पोरगी आश्रमशाळेत, वसतिगृहात राहायची, दहावीला पास झाली होती आणि पुढे नर्सिंगला जायचं म्हणत होती. काळीचा सगळा हिशेब साधा होता: माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोर या हाताच्या टप्प्यात यायला नको. सुट्टीत प्रगती घरी आली की काळी स्वतःच जिव्याच्या पुढेपुढे करायची, बोलणी खायची, मार आपल्यावर ओढून घ्यायची. पोरीला हे कळत होतं, आणि कळणाऱ्या पोरी फार दिवस गप्प बसत नाहीत.

त्या उन्हाळ्यात ती गप्प बसली नाही. जिव्या कामावरून येऊन अंगणात बसला होता. भाकरी करपली एवढंच निमित्त. त्याने काळीचे केस धरून तिचं तोंड चुलीकडे ओढलं. प्रगती मधे घुसली आणि बापाचा हात धरून म्हणाली, "आयला सोड. नायतर मी ठाण्यात जाईन."

जिव्याने काळीला सोडलं. पिशवीतून तांब्याच्या पाइपाचा हातभर तुकडा काढला आणि प्रगतीच्या कानफटात ओढला. पोरगी ओरडलीसुद्धा नाही, खाली बसली. डाव्या कानातून रक्ताची धार मानेवरून झग्यात उतरली. त्याने दुसऱ्यांदा उचलला तेव्हा काळी पोरीच्या अंगावर पडली आणि पुढचे सगळे तिच्या पाठीवर बसले. रखमी दारात बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बस झालं आता, लोक बघतात." लोक खरंच बघत होते, कुंपणापलीकडून.

दमल्यावर जिव्याने घाम पुसला आणि अगदी शांतपणे बोलला. ते शांत बोलणं काळीला मारापेक्षा जास्त लागलं.

"शाळा बस झाली हिची. तुझा हात आता थरथरतो, काळे. उद्याचा दिवस तू ये, मग ही येईल नळावर. मी शिकवीन हिला."

काळीने पोरीचा कान धुतला, हळद दाबली. प्रगती म्हणाली, आय, या कानानं मला ऐकू येत नाय. काळी पोरीच्या मानेवरचं रक्त पुसत राहिली. तिला डोळ्यापुढे दिसत होतं ते एवढंच: भिंतीत पाइपासाठी कोरलेल्या झिरीजवळ वाकलेला जिव्या, बाजूला प्रगती, झाळ ओघळलेली, आणि जिव्याच्या हातात तापलेला पाइप. मी शिकवीन हिला. ज्याला तसंच शिकवलं होतं, तो दुसरं काय शिकवणार? आतापर्यंत तिला नवऱ्याची भीती वाटत होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिला त्याचा जीव जावासा वाटला, आणि असं वाटल्याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशीचं काम किनाऱ्याजवळच्या एका वाडीत होतं. मालक मुंबईला, राखण करणारा सुदाम किल्ल्या देऊन चिकूच्या झाडांना पाणी लावायला गेला. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या कोपऱ्यात, कमोडच्या मागे, गरम पाण्याच्या पाइपाचा जुना एल्बो गळत होता. तो तापवून सोडवायचा आणि नवा घालायचा. दुसरं टोक खालच्या बाथरूममधे. काळी खाली गेली, नळ उघडला. पाणी आधी जोरात, मग थेंबथेंब पडून थांबलं.

वरून जिव्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. जागा अडचणीची, डोकं आत घातल्याशिवाय बत्ती पोचत नव्हती. मग त्याचा आवाज थोडा खुलला. "काळे, उद्या पोरीला असल्याच कोपऱ्यात बसवतो. तिचं अंग बारीक हाय, बरोबर मावंल." आणि तो हसला.

काळीने नळाकडे पाहिलं. पितळी नळ, चकचकीत. तिच्या पाठीवरचे वळ लुगड्याला घासत होते. तिने वाकड्या बोटांचा हात नळावर ठेवला आणि तो घट्ट बंद केला. हात थरथरत होता, पण नळ पुरा बंद झाला. नंतर लोक म्हणाले, बाई भानावर नसेल. तसं काही नव्हतं. ती पुरती भानावर होती. चिमणचं थोबाड तिला ठाऊक होतं.

"नळ खुला?" जिव्या ओरडला.

"खुला!" काळी म्हणाली.

नेहमीपेक्षा आवाज मोठा आला, एवढाच फरक. बत्ती पेटल्याचा फरफर आवाज झाला. ती नळाशी उभी राहिली. पाइप भिंतीत कुठेतरी कुरकुरला. तिच्या मनात आलं, अजून नळ फिरवता येईल, हात तर नळाशेजारीच आहे. ती तो हात दुसऱ्या हाताने धरून उभी राहिली.

आवाज फटाक्यासारखा झाला आणि मग जिव्याची किंकाळी. ती संपेचना. काळी जिना चढून गेली तेव्हा बाथरूम वाफेने भरलं होतं. पाइप एल्बोतून निसटून बाजूला वाकला होता, बत्ती फरशीवर पडून जळत होती, आणि जिव्या कमोड आणि भिंतीच्या सापटीत अडकून डोकं आपटत होता. हाताने तोंड ओरबाडत होता, आणि ओरबाडेल तिथली कातडी हातात येत होती. उजव्या डोळ्याच्या जागी झाळेचा थिजलेला, चकाकता थेंब होता. भाजलेल्या मांसाचा वास आला. काळीने आधी गॅस बंद केला. मग त्याला बगलेत धरून बाहेर ओढलं, बादलीने तोंडावर गार पाणी ओतत राहिली, आणि ओतताओतताच भडाभडा ओकली. त्याला मरू द्यायचं तर पाणी ओतलं नसतं तरी चाललं असतं. पण कामावर कुणी भाजलं की पाणी ओतायची हाताला सवयच होती. सुदाम धावत आला. दोघांनी त्याला खाली आणून टेम्पोत घातलं. वाटभर जिव्या तिचा पदर मुठीत धरून ओरडत होता, "सोडू नको मला, काळे, सोडू नको." तिला त्याची दया आली. दया आल्याचा तिला संताप आला.

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात त्याचं तोंड पट्ट्यांनी गुंडाळलं. उजवा डोळा गेला. डाव्याचं सूज उतरल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणाले. दुसऱ्या सकाळी रखमी छाती बडवत आली, पाठोपाठ देवजी प्रगतीला घेऊन आला. भाजलेला माणूस म्हटल्यावर पोलिसही आले. हवालदाराने खाटेशी स्टूल ओढलं आणि विचारलं, कसं झालं?

काळी भिंतीला टेकून उभी होती.

जिव्या पट्टीआडून सावकाश बोलला, "नळ बंद राह्यला. माझीच चूक. बत्ती लावण्याआधी बघायला पायजे होतं. बायकोचा काय दोष नाय."

हवालदाराने मान डोलावली. "होतं असं कामात," म्हणाला आणि डॉक्टरांना गाठायला बाहेर गेला. रखमी डोळे पुसत व्हरांड्यात गेली. काळीला वाटलं, याला कळलंच नाही. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच लाजही वाटली. माणूस आपल्याला पाठीशी घालतोय आणि आपण त्याला जाळलं.

"काळे," जिव्याने हाक मारली. "जवळ ये."

ती गेली. त्याने चाचपडून तिचं मनगट पकडलं. पकड होती तशीच होती.

"नळ तू बंद केलास."

तिने मनगट ओढून बघितलं.

"मी येडा नाय. पाणी पडताना मी कानानं ऐकलं. नळ खुलाच होता. मागून तू बंद केलास आन वर खुला म्हणून ओरडलीस."

"हां," काळी म्हणाली.

"पोलिसाला सांगितलं नाय मी. तू आत जाऊन मला काय मिळंल? बाहेर हायेस तर कामाची हायेस." तो धापा टाकत, थांबतथांबत बोलत होता, पण अगदी शांत. "आता ऐक. बत्ती तू धरशील, पोर नळावर उभी राहील, मी बाजूला बसून सांगीन. शाळाबिळा काय नाय. माझं सगळं तू करशील. आन तू नायतर तुझी पोर, कुणी तोंड वर केलं, की मी हवालदाराला बोलावीन. मरेपर्यंत, काळे. ध्यानात ठेव."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. काळी त्या पट्ट्यांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. तिने एका माणसाचं तोंड जाळलं होतं, स्वतःच्या नवऱ्याचं, आणि तरी त्याचा हात पोरीवरून उठला नव्हता. उलट आता त्याला पाइपाचा तुकडासुद्धा लागणार नव्हता. काळीचं गुपितच त्याच्या हातात आलं होतं, आणि त्याच हत्याराने तो मायलेकींना आयुष्यभर मारत राहणार होता. काल ज्याच्यासाठी एवढं पाप केलं ते साधलंच नव्हतं.

तिने मनगट सोडवून घेतलं. व्हरांड्यात देवजी प्रगतीला पाणी पाजत होता. पोरीच्या कानावर नर्स निर्मलाबाईंनी नुकतीच पट्टी बांधली होती.

"देवजी," काळी म्हणाली, "एकदा मी सांभाळून घेतलं, तू म्हणालास म्हणून. आता तू घे. प्रगतीला इथनंच तुझ्या घरी ने. शाळा उघडली की वसतिगृहात सोड. ती म्हणंल ते शिकू दे. कुणी मागायला आलं तरी द्यायची नाय. देशील का शब्द?"

देवजीने विचारलं, "तू कुठं चाललीस?"

"शब्द दे आधी."

"दिला."

प्रगती म्हणाली, "आय, काय झालं?" काळीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती. तुरुंग कसा असतो ते तिला माहीत नव्हतं. पोरीचं तोंड पुन्हा कधी दिसेल तेही माहीत नव्हतं. हवालदार डॉक्टरांच्या खोलीतून निघून जिन्याकडे चालला होता. काळीने त्याला हाक मारली. "साहेब, आत या. माझं पण लिहून घ्या."

"तुमचं काय, बाई? नवऱ्याने सांगितलं सगळं."

"खोटं सांगितलं त्यानं."

हवालदार परत आत आला, मागोमाग रखमी, देवजी, प्रगती. निर्मलाबाई हातातली सुई तशीच धरून थांबल्या. काळी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"नळ खुला होता. मी बंद केला. त्यानं विचारलं, नळ खुला? मी खुला म्हणून सांगितलं. त्याचं तोंड पाइपापुढं हाय ते मला माहीत होतं. काय होतं तेपण माहीत होतं. आदल्या दिवशी त्यानं माझ्या पोरीचा कान फोडला, आन मग तिला माझ्या जागी कामाला नेतो म्हणाला. म्हणून केलं."

मग रखमीने काळीचे केस धरले. "रांडे, माझ्या पोराला खाल्लंस!" देवजीने तिला ओढून बाजूला केलं.

आणि खाटेवर जिव्या उठून बसला. "खोटं!" तो ओरडला. "खोटं बोलते ती! साहेब, लिहू नका! ती निर्दोष हाय! माझी चूक, माझीच चूक, नळ आपनच बंद राह्यला!" सलाइनची नळी त्याने हिसडली, हातातून रक्त उडालं. ज्या माणसाने आयुष्यात कधी आपली चूक कबूल केली नव्हती, तो आता जीव तोडून आपलीच चूक सांगत होता, बायको निर्दोष म्हणून हवालदाराच्या पाया पडायला निघाला होता. ऐकणाऱ्या परक्याला वाटलं असतं, काय हे प्रेम. काळीला बरोबर कळलं, त्याच्या हातातून काय निसटत होतं.

"गप बस, काळे! गप बस म्हणतो!" डोळ्यावर पट्टी, तरी तिच्या आवाजाच्या दिशेने त्याने हात उगारला आणि पुऱ्या ताकदीने हाणला. हात खाटेच्या लोखंडी दांडीवर बसला. काळी जागची हलली नाही. त्याने दुसऱ्यांदा उगारला, तेव्हा हवालदाराने तो वरच्यावर धरला आणि काळीकडे वळून बघितलं, आधी तिच्या वाकड्या बोटांकडे, मग तोंडाकडे.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तो स्वतःच नाही म्हणतोय. विचार करून बोला. आत जाल."

"जाईन," काळी म्हणाली. "तुम्ही लिहा. नळ मीच बंद केला. आता त्याच्याकडं माझं सांगण्यासारखं काय उरलं नाय."